बेकर स्ट्रीटवरचा परकायाप्रवेश

लोकांच्या मनात आधीच घर करून बसलेल्या माणसाची भूमिका करणे हे नटाच्या दृष्टीने मोठे जोखमीचे काम. नवी व्यक्तिरेखा असेल तर प्रेक्षक निदान कोरी पाटी घेऊन येतो. इथे पाटी आधीच भरलेली असते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ अवतरले, तेव्हा ती पुस्तके वाचत लहानाची मोठी झालेली घरेच्या घरे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची परीक्षा घ्यायलाच टीव्हीसमोर बसली होती. दोघेही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले, ही गोष्ट वेगळी. पुढे १९८७ मध्ये रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि अरुण गोविल दिसले की लोक हात जोडू लागले. अशा भूमिकेत नट पटला नाही तर लोक त्याला विसरून तरी जातात. पटला तर मात्र त्याची सुटका नसते.

ही सुटका न झालेल्या एका इंग्रज नटाची ही हकिकत आहे. त्याचे नाव जेरेमी ब्रेट. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनसाठी त्याने शेरलॉक होम्स साकारला, एक्केचाळीस भागांत. आज इतक्या वर्षांनंतरही होम्सच्या भक्तमंडळींत खरा होम्स कुणाचा यावर वाद रंगला, तर शेवटी गाडी बहुधा ब्रेटच्या नावावर येऊन थांबते.

ब्रेट हे त्याचे खरे आडनाव नव्हे. ३ नोव्हेंबर १९३३ रोजी वॉरिकशरमधल्या बर्क्सवेल या गावी एका मोठ्या वाड्यात जन्मलेल्या या मुलाचे नाव होते पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. वडील लष्करात कर्नल, पराक्रमाची पदके मिळवलेले. आई चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्याच्या नात्यातली. चार भावांत हा धाकटा. पोरगा नट व्हायचे म्हणतो हे कळल्यावर कर्नलसाहेबांनी रंगभूमीवर घराण्याचे नाव वापरायचे नाही अशी ताकीद दिली. मुलाने मग आपल्या एका सुटावरचे लेबल पाहिले. त्यावर शिवणाऱ्या दुकानाचे नाव होते, ब्रेट आणि कंपनी. ते उचलून त्याने आपल्यापुढे लावले. ज्या माणसाचे नावही कपड्यांवरून आले, त्याने पुढे दुसऱ्याच्या कपड्यांत आयुष्य काढावे, हा योगायोग म्हणायचा!

खरी अडचण नावाची नव्हती, जिभेची होती. त्याला ‘र’ नीट म्हणता येत नसे. जेरेमी, ब्रेट आणि पुढे शेरलॉक, तिन्ही नावांत र आहे हे पाहिले म्हणजे या अडचणीची गंमतही वाटते आणि वाईटही वाटते. किशोरवयात शस्त्रक्रिया करून तो दोष दूर केला गेला, पण त्यानंतरही जिभेचे आणि उच्चारांचे व्यायाम त्याने जन्मभर रोज केले. होम्सच्या तोंडची ती धारदार, प्रत्येक अक्षर सुटे करून फेकणारी वाणी ऐकताना हे आठवावे. शिक्षण ईटनच्या प्रख्यात शाळेत झाले. अभ्यासात तो यथातथाच होता, अक्षरे डोळ्यांपुढे उलटीसुलटी होत. गळा मात्र गोड होता. सोळाव्या वर्षी संधिवाताच्या तापाने त्याला गाठले. त्यातून तो उठला, पण हृदयावर त्या तापाचा व्रण कायमचा राहिला. या व्रणाकडे पुढे यावेच लागेल.

लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये नाट्यशिक्षण घेऊन १९५४ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरात त्याने व्यवसायात पाऊल टाकले. मग ओल्ड विक, मग हॉलिवुड. १९५६ च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये ऑड्री हेपबर्नचा भाऊ, १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त तिच्या दारासमोर रस्त्यात गाणे म्हणणारा उमदा फ्रेडी. त्या गाण्यासाठी निर्मात्यांनी आवाज दुसऱ्याच गायकाचा वापरला. गोड गळ्याच्या माणसावर ही वेळ यावी, याला काय म्हणावे? साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये त्याने चांगली कामे केली. अभिनेत्री ॲना मॅसीशी १९५८ मध्ये लग्न झाले, एक मुलगा झाला, १९६२ मध्ये घटस्फोट झाला. थोडक्यात, देखणा, घरंदाज, हातखंडा नट, पण नाव घेताच एखादी भूमिका डोळ्यांपुढे यावी असे काही नाही. पन्नाशी जवळ आली तरी हीच स्थिती होती. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला होम्सवरच्या एका नाटकात त्याने काम केले, तेही होम्सचे नव्हे, डॉक्टर वॉटसनचे. होम्स झाला होता चार्लटन हेस्टन.

अशा माणसाला १९८२ च्या सुमारास ग्रॅनाडाचा निर्माता मायकेल कॉक्स याने होम्ससाठी विचारले, तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. का, ते समजून घ्यायचे तर होम्स ही वस्तू काय होती ते पाहायला हवे.

ऑर्थर कॉनन डॉइल यांच्या होम्सकथा १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात येऊ लागल्या आणि दोनच वर्षांत लेखक आपल्या मानसपुत्राला विटला. १८९३ च्या डिसेंबरात त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिले. वाचकांनी त्याला इतके फैलावर घेतले, मासिकाची वर्गणी इतक्या जणांनी बंद केली, की अखेर १९०३ मध्ये डॉइलला मेलेला नायक जिवंत करावा लागला. म्हणजे होम्सवर मालकी कोणाची या प्रश्नाचा निकाल टीव्ही जन्मण्यापूर्वीच लागला होता. तो लेखकाचा नव्हता, लोकांचा होता.

पण लोकांचा म्हणजे कोणत्या लोकांचा? इथे खरी मेख आहे. एका बाजूला पुस्तकांची पारायणे केलेले वाचक. त्यांनी न्यूयॉर्कला १९३४ मध्ये आणि लंडनला १९५१ मध्ये मंडळे स्थापन केली, आणि होम्स हा इतिहासातला खराच माणूस होता अशा थाटात ते प्रबंध लिहीत. आपल्याकडे भाषांतरांतून होम्स वाचलेल्या पिढ्यांतही या पंथाचे लोक पुष्कळ सापडतील. दुसऱ्या बाजूला ज्यांनी पुस्तक उघडलेच नाही, तरी ज्यांना होम्स अगदी पक्का ठाऊक, असा विराट समुदाय. यांचा होम्स निरनिराळ्या हातांनी घडलेला. त्याची दोन टोकांची टोपी चित्रकार सिडनी पॅजेटने चढवली, वाकडी चिलीम विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने रंगभूमीवर तोंडात दिली, आणि चेहरा दिला बॅसिल रॅथबोनने. १९३९ ते १९४६ या काळात रॅथबोनचे चौदा चित्रपट आले. त्यांतले पहिले दोन सोडले तर होम्स चक्क दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वावरतो, नाझी हेरांच्या मागावर जातो. त्याचा वॉटसन झालेला नायजेल ब्रूस हा वेंधळा, घोटाळे करणारा, बघताक्षणी हसू यावे असा. तो इतका लोकप्रिय झाला, की डॉइलने लिहिलेला शहाणा, धाडसी, युद्धावर जाऊन आलेला डॉक्टर लोकांच्या मनातून पुसलाच गेला.

तेव्हा ब्रेटपुढे एक नव्हे तर दोन होम्स होते, आणि दोघांच्याही मागे फौजा उभ्या होत्या. रॅथबोनची नक्कल करावी तर पुस्तकवाले हसणार, पुस्तक धरून चालावे तर रॅथबोनवाले हा कोण म्हणून विचारणार. शिवाय बीबीसीवर डग्लस विल्मर आणि पीटर कुशिंग हे साठीच्या दशकात होम्स होऊन गेले होते, आणि रशियात व्हसिली लिव्हानॉव्ह त्याच सुमारास गाजत होता. इतके सगळे आधी करून गेलेले असताना आपण नवीन काय देणार, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. मग त्याने कथा पुन्हा वाचायला घेतल्या. आपण समजत होतो तो हा माणूसच नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने होकार दिला.

कॉक्सचे धोरण स्पष्ट होते, डॉइलकडे परत जायचे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साठही कथा चाळून सत्त्याहत्तर पानांचा एक दस्तऐवज तयार केला, ‘बेकर स्ट्रीट फाइल’ या नावाचा. होम्स कसा बसतो, काय खातो, काय पितो, तंबाखू कुठे ठेवतो, वॉटसनच्या सवयी कोणत्या, सारी नोंद त्यात होती. मँचेस्टरला स्टुडिओच्या आवारात अख्खी बेकर स्ट्रीट उभारली गेली. पुढे तिकीट काढून लोक ती बघायला येऊ लागले. पॅजेटची जुनी चित्रे समोर ठेवून दृश्ये लावली गेली. ब्रेटने फाइल तर पाठ केलीच, पण मूळ कथांची पुस्तकेही तो सेटवर बाळगी आणि पटकथेत डॉइलला सोडून काही आढळले की लेखक-दिग्दर्शकांशी वाद घाली. हा छळ काहींना नकोसा होत असणार. पण वाचकांच्या बाजूचा एक वकील चित्रीकरणाच्या जागी सदैव हजर होता, असे याचे दुसरे नाव आहे.

२४ एप्रिल १८८४ नव्हे, १९८४ रोजी पहिला भाग प्रक्षेपित झाला, ‘अ स्कँडल इन बोहेमिया’. तारखेची अशी चूक बघणाऱ्याचीही व्हावी इतका तो काळ हुबेहूब उभा होता. मागे चापून बसवलेले केस, पांढराफटक चेहरा, काळा पोशाख. घटकेत आरामखुर्चीत मृतवत पडलेला, घटकेत सोफ्यावरून उडी मारून पलीकडे गेलेला, जमिनीवर पालथा पडून गालिचा हुंगणारा. एका भुवईच्या हालचालीत तुच्छता, आणि क्षणभरच चमकून विझणारे हसू. रॅथबोनचा होम्स आत्मविश्वासाने भरलेला सद्गृहस्थ होता. ब्रेटचा होम्स आजारी वाटण्याइतका एकटा होता. कथांत हे एकटेपण आहेच, पण वॉटसनच्या सौम्य निवेदनाआड ते झाकले जाते. डेव्हिड बर्कचा वॉटसनही शहाणा, तरतरीत, मित्राची काळजी वाहणारा होता. वेंधळ्या वॉटसनची लोकांना आठवणही झाली नाही. बर्क दुसऱ्या पर्वानंतर नाट्यसंस्थेत काम करायला आणि कुटुंबाजवळ राहायला निघून गेला. त्याच्या जागी आलेला एडवर्ड हार्डविक वयस्कर, शांत. मुख्य जोडीतला एक माणूस बदलला तरी प्रेक्षकांनी कुरकुर केली नाही, कारण कथेतही मधे तीन वर्षे गेली होती आणि वॉटसनच्या स्वभावाला धक्का लागला नव्हता.

डॉइलची कन्या डेम जीन तेव्हा हयात होती. लहानपणी मनात रंगवलेला होम्स आपल्याला ब्रेटमध्ये दिसला अशी पावती तिने दिली.

आता परकायाप्रवेशाची गोष्ट. आद्य शंकराचार्यांनी राजाच्या शरीरात प्रवेश केला, तेव्हा आपले शरीर शिष्यांच्या स्वाधीन करून ठेवले होते, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. परत यायचे तर मागे ठेवलेला देह कुणीतरी सांभाळावा लागतो. ब्रेटचा देह सांभाळणारी व्यक्ती होती त्याची दुसरी पत्नी जोन विल्सन. बॉस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रात ती निर्माती होती आणि ब्रेटचा होम्स अमेरिकेत दिसला तो तिच्याच ‘मिस्टरी’ या मालिकेतून. १९८५ मध्ये कर्करोगाने ती गेली. त्याच वर्षी होम्सचा धबधब्यातला मृत्यू दाखवणारा भाग पडद्यावर आला होता. त्यानंतर ब्रेटला होम्सला जिवंत करून परत आणायचे होते, आणि त्याने ते केले.

वर्षभर दुःख तसेच दाबून त्याने काम रेटले. मग १९८६ मध्ये तो कोसळला. रुग्णालयात ठेवावे लागले आणि निदान झाले उन्माद-अवसादाच्या मनोविकाराचे, ज्याला आज बायपोलर म्हणतात. त्या काळी, आणि आपल्याकडे तर अजूनही, अशा आजाराची वाच्यता करायची नाही हा रिवाज. ब्रेटने तो मोडला आणि आपल्या आजाराविषयी तो लोकांपुढे मोकळेपणी बोलला. होम्सपेक्षाही या एका गोष्टीसाठी त्याच्याविषयी आदर वाटतो. उपचार म्हणून लिथियम सुरू झाले. मन ताळ्यावर राही, पण शरीरात पाणी साठून ते सुजू लागले. काटकुळा, ससाण्यासारखा होम्स प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जडावत गेला. आणि सोळाव्या वर्षीच्या त्या तापाने जखमी केलेले हृदय आत थकत चालले होते. त्यात सिगारेटी चालूच.

याच काळात त्याने एक धाडस केले. होम्सला कोकेनचे व्यसन आहे हे डॉइलनेच लिहिलेले. पण मालिका मुलेही बघतात, त्यांच्यापुढे हे काय ठेवतो आहोत, ही टोचणी ब्रेटला लागली. तेव्हा १९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’ या भागात होम्स समुद्रकाठच्या वाळूत सुई पुरून टाकतो असे दृश्य घालण्यात आले. डेम जीनची संमती त्याने आधी घेतली होती. मूळ कथेत असे काही नाही. अक्षराअक्षरासाठी भांडणाऱ्या माणसाने एवढा मोठा बदल केला, आणि तरी पुस्तकवाल्यांनी सहसा आक्षेप घेतला नाही.

उलट १९९३ मध्ये काय झाले पाहा. ‘इन्स्पेक्टर मोर्स’च्या दोन-दोन तासांच्या भागांना लोक चटावले होते, तेव्हा होम्सही दोन तासांचा करावा असे ठरले. वीसेक पानांच्या दोन कथा घेऊन त्यांत पाणी घालण्यात आले. एकीत पिशाच्चाची छाया, दुसरीत होम्सला पडणारी भयंकर स्वप्ने. भक्त खवळले, आणि माझ्या मते त्यांचे खवळणे योग्य होते. काही जणांनी मात्र राग काढला तो सुजलेल्या नटावर, हे योग्य नव्हते. वाळूत पुरलेली सुई चालली आणि पिशाच्च का चालले नाही? मूळ कथेत नसणे हा दोन्हींचा समान दोष. पण सुई पुरणारा होम्स तोच होता, ज्याला लोक ओळखत होते. आपल्या मित्राच्या काळजीने तो बदलला हे वॉटसनच्या वाचकाला मनोमन हवेच होते. स्वप्नांनी घाबरणाऱ्या होम्सला मात्र कुणी ओळखेना. जुन्या, आवडत्या कथेवर मालिका करणारे ‘मूळ संहितेशी निष्ठा’ हा शब्द फार वापरतात. प्रेक्षकाला संहितेपेक्षा ओळख हवी असते. म्हणूनच २०१० मध्ये बीबीसीने होम्सच्या हातात मोबाइल दिला तरी लोकांनी बेनेडिक्ट कंबरबॅचला स्वीकारले.

ब्रेट या भूमिकेला कंटाळला होता का? कधी होम्स आपल्याला ग्रासतो असे त्याला वाटे, कधी त्याचे बोट सुटले तर आपले काय होईल अशी धास्ती. १९८८-८९ मध्ये लंडनच्या विंडहॅम्स थिएटरात हार्डविकला घेऊन त्याने होम्सचे नाटकही केले, म्हणजे टीव्हीवरून उतरून रंगमंचावर पुन्हा तोच. होम्सचे बालपण डॉइलने लिहिले नाही, तर ब्रेटने ते स्वतःच रचले होते, आई फारशी न भेटलेल्या, दाईच्या हाती वाढलेल्या एका मुलाचे. अभिनयाची शिस्त म्हणून हे ठीक. पण रात्री घरी आल्यावर त्या मुलाला कुठे ठेवायचे?

अखेरचे सहा भाग १९९४ मध्ये आले, पुन्हा एका तासाचे, पुन्हा बरेचसे डॉइलचे. ब्रेटला श्वास पुरत नव्हता. एका कथेत तो इतका आजारी पडला, की होम्सची कामगिरी त्याचा भाऊ मायक्रॉफ्ट झालेल्या चार्ल्स ग्रे याला उरकावी लागली. ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ या कथेत होम्स गुन्हेगाराला फसवण्यासाठी मरणासन्न असल्याचे सोंग घेतो. धडधाकट माणसाने आजाऱ्याचे सोंग घ्यायचे, ही त्या कथेतली मौज. पडद्यावर मात्र एक खरोखरच आजारी नट, धडधाकट माणसाने घेतलेले आजाऱ्याचे सोंग वठवत होता. हे ठाऊक असून तो भाग बघवत नाही, आणि ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला काही कळूही नये इतके ते सफाईने केलेले आहे.

‘द कार्डबोर्ड बॉक्स’ हा शेवटचा भाग ११ एप्रिल १९९४ रोजी दाखवला गेला. १२ सप्टेंबर १९९५ रोजी लंडनच्या क्लॅपम भागातल्या राहत्या घरी, झोपेतच, हृदय बंद पडून जेरेमी ब्रेट गेला. वय एकसष्ट. डॉइलच्या साठही कथा पुऱ्या करायच्या अशी त्याची इच्छा होती. बेचाळीस झाल्या होत्या.